सात-एकमधला एक

शहाबाज गावात आमचं लॉज.
वर बारा खोल्या, खाली काउंटर, काउंटरला मी.
हॉस्पिटल रिक्षाने सात मिनिटं,
त्यामुळे पासपोर्टची झेरॉक्स काढता काढता
माझा भूगोल सुधारला.

खोली तीन, मालदीव: फझील, वडिलांचं बायपास.
खोली नऊ, भूतान: नामगे आणि त्याची आत असलेली बहीण.
गेटवर लोकेन्द्र, नेपाळमधल्या दाङचा, आमचा वॉचमन.
रात्री अकरानंतर जिना शांत झाला
की विषय एकच.
कुणाचा नऊ नंबर भारी.

फझील म्हणतो, आमचा.
बेट एवढंसं की कॉर्नर घ्यायला मागे सरकलं तर पाय ओले.
जोरात मारलेला बॉल आणायला होडी लागते,
म्हणून तो जोरात मारतच नाही.
नुसता ठेवतो, गोलकीपरच्या शेजारी,
मशिदीबाहेर चप्पल काढून ठेवावी तसा.

लोकेन्द्रचा बुटका. हेडरवाला.
तो उंच उडत नाही साहेब,
फक्त उशिरा उतरतो.

नामगे कमी बोलतो.
आमच्याकडे पाहुण्या टीमला सत्तराव्या मिनिटाला धाप लागते,
तेव्हा कुठे आमच्याचं अंग गरम होतं.
खाली मैदानी मुलखात आला की साधा माणूस.
एरवी बँकेत असतो, खिडकी नंबर चार.
लोक पैसे काढायला येतात
आणि ऑफसाइडवरून भांडून जातात.

मी रजिस्टरच्या मागच्या पानावर रकाने आखले:
सामने, गोल, वय.
पण हिशोब जुळेना.
याचे चार त्याच्याविरुद्ध, त्याचे तीन याच्याविरुद्ध,
आणि मोठ्या टीमपुढे तिघांचाही एकेक.
सात-एक. नऊ-एक.
एकदा बारा-एक.

त्या एकाला किती मार्क, ते लिही, फझील म्हणाला.
सात मारणाऱ्याला पंगतीत वाढावेत तसे पास येतात.
आमचा सत्त्याऐंशी मिनिटं उभा,
अर्ध्या रेषेवर, एकटा, थंड पडत,
आणि मग एक बॉल. कुठून तरी. लंगडत आलेला.
तो आत घालायचा म्हणजे
पुढचं त्याने हाताने दाखवलं.
शब्द धिवेहीत असावा.

आणि तुमचा? लोकेन्द्रने विचारलं.
एवढा मोठा देश,
टीव्हीवरचं एखादं नाव सहज सांगता आलं असतं.
तोंडात आला हसुराम.
हसुराम भोईर, इथलाच,
खाडीच्या खारट जमिनीवर अनवाणी खेळायचा.
आम्हाला ओरडायचा, बॉल नाय रं, वारा बग.
मैदान गेलं तेव्हा तो एकोणीसचा.
पुढे साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला,
बिल्डिंग झाली, गाडी झाली, गुडघा गेला.
त्याची वरची गोलपोस्ट होती
तिथे आता आपला हा जिना.
कुणी मोजले नाहीत त्याचे गोल.
मी मोजले होते. आकडा सांगितला.
तिघांनी मान डोलावली,
जणू हसुराम हाही एखादा देश.

पहाटे नामगे खाली आला, हातात लहान बॅग.
आज ॲडमिट, परवा ऑपरेशन,
बहिणीला याची डावी किडनी.
चावी काउंटरवर ठेवत म्हणाला,
काल सांगायचं राहिलं.
खिडकी नंबर चार आणि मी एका क्लबात होतो.
त्याचे अर्धे गोल माझ्या बॉलवर.
डाव्या बाजूने द्यायचो.

मग सोडलंस का?
रिक्षावाल्याने हॉर्न मारला.

चेकआउटची तारीख मी कोरी ठेवली.
मागचं पान उलटलं. रकान्यांत जागा नव्हती,
समासात लिहिलं:
पास, डावीकडून.